स्वर कुठे जन्मतो ते आधी पाहा : जगातील पारंपरिक सुषिर वाद्ये ओळखणे, निवडणे आणि वाजवणे

जपानची शाकुहाची, तुर्कस्तानचा नेय, आर्मेनियाचा दुदुक आणि सोळाव्या शतकातील युरोपचा कॉर्नेट्टो ही चार वाद्ये एका ओळीत मांडली, तर पाहणाऱ्याला भोके पाडलेल्या चार नळ्याच दिसतील. प्रत्यक्षात त्यांपैकी दोनच बासऱ्या आहेत. दुदुक सनईचा नातलग आहे आणि कॉर्नेट्टो, अंगावर बोटांची रंध्रे असूनही, तुतारीच्या कुळातला आहे. एका वाद्यावर वर्षानुवर्षे तयारी केलेला वादक दुसरे हाती घेतो आणि त्यातून नुसती हवा बाहेर पडते, याचे कारण हेच. देश, लाकूड, आकार किंवा रंध्रांची संख्या पाहून सुषिर वाद्याची ओळख करून घेण्याची सवय नवशिक्याला हमखास चकवते. फुंकेचा स्वर नेमका कोणत्या जागी होतो, हा एक प्रश्न आधी सुटला, की वाद्य कोणते निवडावे, ओठ कसे ठेवावेत आणि वाद्याची निगा कशी राखावी, यांची बरीचशी उत्तरे त्यातूनच मिळू लागतात. म्हणून पुढील क्रमाची सुरुवात त्या प्रश्नापासून केली आहे.

पायरी पहिली : वाद्याचे तोंड तपासणे

नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग केलेले आहेत. ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचे व्हिक्टर-शार्ल माइयों यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या संग्रहाची मांडणी करताना ही चतुर्विध विभागणी आधाराला घेतली, आणि तिच्यावर पुढे एरिख फॉन हॉर्नबोस्टेल व कुर्ट झाक्स या वाद्यसंशोधकांनी १९१४ मध्ये ते वर्गीकरण उभारले, जे आजही संग्रहालयांत वापरले जाते. त्यात सुषिर वाद्यांचा क्रमांक ४ असून ४२१ खाली बासऱ्या, ४२२ खाली पत्तीची वाद्ये आणि ४२३ खाली ओठांच्या कंपनाने वाजणारी वाद्ये येतात. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. मात्र त्यांमागचे तीन प्रश्न प्रत्येक अनोळखी वाद्याला विचारावेत.

फुंकण्याच्या टोकाशी हवेचा झोत दुभंगेल अशी धार आहे का? असल्यास ती बासरी. ही धार आडव्या बासरीच्या मुखरंध्राची कड असेल, शाकुहाची किंवा अँडीज पर्वतातील केना यांच्या टोकाला कापलेली खाच असेल, नेयसारखा नळीचा नुसता काठ असेल, किंवा अलगुजासारखी ठोकळ्याच्या फटीसमोर बसवलेली असेल. धार नसेल, तर कंप पावणारी पत्ती आहे का? वेताच्या दोन पात्या एकमेकींवर बांधलेल्या असतील, तर ती झुर्ना (तुर्कस्तान व आसपासचे सनईसारखे वाद्य), सनई, दुदुक यांची दुहेरी पत्ती. एकच जीभ नळीच्या छिद्रावर फडफडत असेल, तर ती पुंगी किंवा सार्डिनियातील लौनेद्दास यांची एकेरी पत्ती. दोन्ही नसेल आणि टोकाशी वाटीसारखा किंवा गुळगुळीत कडेचा गोल भाग असेल, तर पत्तीचे काम वादकाचे ओठच करतात. शंख, शिंग, आल्प्समधील लांब लाकडी अल्पहॉर्न आणि उत्तर ऑस्ट्रेलियातील डिजरिडू ही सगळी याच गटातली. डिजरिडू वाळवीने पोखरलेल्या निलगिरीच्या खोडाचा असतो, पण त्याचे नाते लाकडी बासरीशी नसून पितळी तुतारीशी आहे. वाद्याच्या साहित्यावरून त्याचे कूळ ठरत नाही, हे सांगायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

या तिघांपासून थोडी वेगळी वाट चालणारी एक शाखा पूर्व आणि आग्नेय आशियात आहे. चीनचा शेंग, जपानचा शो आणि लाओसचा खेन यांच्या प्रत्येक नळीत एक मुक्त पत्ती, म्हणजे कशावरही न आपटता चौकटीत मोकळी हलणारी पत्ती, असते आणि नळीवरचे छिद्र बोटाने बंद केल्यावर ती नळी बोलते. फुंकताना आणि श्वास आत ओढताना, दोन्ही वेळी स्वर निघतो. शोला १७ नळ्या असतात, पण त्यांपैकी २ मुक्याच असतात; आकाराचा तोल राखण्यापलीकडे त्यांना काम नाही. मशकवाद्यांना मात्र वेगळी शाखा मानू नये. पिशवी हा केवळ हवेचा साठा आहे, स्वर आतल्या पत्त्यांवरच होतो.

तोंड तपासून झाले, की नळीचा पोकळपणा पाहावा. तो सर्वत्र सारखा आहे की एका टोकाकडे रुंदावत जातो, यावर वाद्याची पल्ला ठरवण्याची शक्ती अवलंबून असते. पत्ती असलेली समनळी ध्वनीच्या दृष्टीने एका बाजूने बंद नळीसारखी वागते. जोर वाढवल्यावर तिचा स्वर एक सप्तक अधिक पंचम इतका वर उडी घेतो, तर रुंदावत जाणारी नळी आणि दोन्ही टोके खुली असलेली बासरी सरळ वरच्या सप्तकात जाते. म्हणूनच झुर्न्यात सप्तकाची उडी सहज मिळते. समनळी दुदुकाचा पल्ला साधारण एका सप्तकाच्या किंचित पुढे थांबतो, आणि टोपीखाली पत्ती झाकलेला युरोपचा जुना क्रुमहॉर्न नऊ स्वरांच्या आसपासच राहतो. क्रुमहॉर्नवर दोन सप्तकांची चाल वाजवण्याचा हट्ट धरणे म्हणजे वाद्याला दोष देण्याचे निमित्त शोधणे होय.

पायरी दुसरी : पहिले वाद्य निवडणे

पहिले वाद्य ठोकळ्याच्या बासरीच्या जातीचे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रेकॉर्डर ही युरोपीय उभी बासरी आणि सहा रंध्रांची आयरिश टिन व्हिसल यांत हवेचा झोत धारेवर नेण्याचे काम कारागिराने आधीच करून ठेवलेले असते, त्यामुळे शिकणाऱ्याचे सगळे लक्ष बोटांकडे, जिभेकडे आणि फुंकेच्या स्थिरतेकडे राहते. या तीन गोष्टी पुढच्या कोणत्याही वाद्यावर वाया जात नाहीत. रेकॉर्डरला पुढे सात आणि मागे अंगठ्याचे एक अशी रंध्रे असतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने चांगल्या घडणीचे प्लास्टिकचे वाद्य घेण्यात कमीपणा मानू नये. सुमार लाकडापेक्षा ते सुरात अधिक पक्के असते आणि ओलाव्याने फुगत नाही.

घेताना एक गोष्ट मात्र जरूर तपासावी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत एक स्वर सोपा करण्यासाठी रंध्रांची रचना बदलली गेली, आणि तो एक स्वर सोपा होताना इतर काही स्वर बिघडले. पुढची रंध्रे वरून मोजल्यास चौथ्यापेक्षा पाचवे रंध्र लहान असेल, तर ते वाद्य या जर्मन बोटरचनेचे समजावे आणि बाजूला ठेवावे. पाचवे मोठे असलेली बरोक बोटरचना सुरुवातीला दोन दिवस अधिक त्रास देते, इतकेच.

ओकारिना हाही सोपा वाटणारा पर्याय आहे. त्याचे आजचे युरोपीय रूप जुझेप्पे दोनाती यांनी इटलीतील बुद्रिओ येथे १८५३ मध्ये घडवले. तो नळी नसून पोकळ पात्र आहे, त्यामुळे त्यात रंध्र कुठे आहे यापेक्षा एकूण किती क्षेत्रफळ उघडे आहे याला महत्त्व असते, आणि जोराने फुंकल्यावर वरचे सप्तक मिळत नाही, स्वर फक्त चढतो. त्यावरचा आनंद खरा, पण तिथली फुंकेची सवय नळीच्या बासरीवर उपयोगी पडत नाही.

पायरी तिसरी : स्वरपट्टीची चौकशी

ऐतिहासिक वाद्याची प्रतिकृती घेताना तिचा 'ए' हा पाश्चात्त्य स्वर किती हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती कंपनांचा आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आजचे सर्वमान्य माप ४४० हर्ट्झ आहे. अठराव्या शतकातील बरोक संगीतासाठी वादक बहुधा ४१५, त्या काळच्या फ्रेंच संगीतासाठी ३९२ आणि व्हेनिसच्या कॉर्नेट्टोसाठी ४६६ हर्ट्झ धरतात. ४१५ आणि ४४० यांत सुमारे अर्ध्या स्वराचे अंतर आहे. एकट्याने वाजवताना हे जाणवतही नाही, पण दुसऱ्या वादकासोबत बसल्यावर ते लपत नाही.

पारंपरिक वाद्यांत स्वरपट्टी बहुतेक वेळा लांबीतच सांगितलेली असते. शाकुहाची हे नावच 'एक शाकू आठ' या मापावरून आले आहे, १.८ शाकू म्हणजे सुमारे ५४.५ सेंटीमीटर, आणि तिची पाचही रंध्रे बंद केल्यावर 'डी' स्वर निघतो. लांबी वाढली की पट्टी उतरते आणि बोटांमधले अंतरही वाढते, म्हणून लांब वाद्य घेण्यापूर्वी रंध्रांवर बोटे ठेवून पाहावीत.

इथेच मोबाइलवरच्या स्वरमापकाविषयी सावध करणे आवश्यक आहे. अल्पहॉर्नचा अकरावा उपस्वर (मूळ स्वराच्या अकरापट कंप्रतेचा स्वर) पियानोच्या शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध कुठेतरी पडतो, आणि आल्प्सच्या परंपरेत तो तसाच गायला-वाजवला जातो. नेयवरील मकामांची (रागांसारख्या स्वररचनांची) अंतरेही पियानोच्या पट्ट्यांत बसत नाहीत. स्वरमापकाचा काटा इथे चूक दाखवेल. त्या काट्यासाठी वाद्याची रंध्रे कोरून 'दुरुस्त' करणारे लोक चांगली वाद्ये कायमची बिघडवतात.

पायरी चौथी : एक पानपाइप स्वतः बनवणे

पानपाइप म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या, खालून बंद नळ्या एका ओळीत बांधून केलेली बासरी. वाद्य विकत घेतले असले तरी ही पायरी टाळू नये, कारण नळीची लांबी आणि स्वर यांचे नाते हाताने केल्यावर जितके समजते तितके वाचून समजत नाही. एका टोकाने बंद असलेल्या नळीत मूळ स्वराच्या तरंगलांबीचा चौथा भाग मावतो. २० अंश सेल्सियस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. त्याला स्वराच्या कंप्रतेने भागून पुन्हा चाराने भागले, की नळीची आतली लांबी मिळते. ५२३ हर्ट्झच्या 'सी'ला षड्ज मानून आठ नळ्यांच्या लांबी अशा येतात :

सा – १६.४ सेंमी
रे – १४.६ सेंमी
ग – १३.० सेंमी
म – १२.३ सेंमी
प – १०.९ सेंमी
ध – ९.७ सेंमी
नी – ८.७ सेंमी
तार सा – ८.२ सेंमी

आतला व्यास १० ते १२ मिलिमीटर असलेली बांबूची, बोरूची किंवा प्लास्टिकची नळी पुरेशी आहे. प्रत्येक तुकडा हिशेबापेक्षा दोन सेंटीमीटर लांब कापावा, वरचा काठ बारीक सँडपेपरने गुळगुळीत करावा आणि खालून घट्ट बूच सरकवत आतली लांबी वरील मापाला आणावी. आता फुंकल्यावर स्वर अपेक्षेपेक्षा थोडा उतरलेला आढळेल. हिशेब चुकलेला नसतो. नळीच्या उघड्या तोंडाबाहेरची थोडी हवाही कंपनात सामील होते आणि ओठ ते तोंड अर्धवट झाकतात, म्हणून नळी आहे त्याहून लांब असल्यासारखी वागते. बूच काही मिलिमीटर वर ढकलून स्वर जुळवावा, आणि आठही नळ्या जुळल्यावरच त्यांना पट्टीने बांधावे.

अँडीजमधील आयमारा लोकांचा सिकू याच तत्त्वावर चालतो, पण त्याचे स्वर इरा आणि आर्का या दोन भागांत आलटूनपालटून वाटलेले असतात. एका वादकाकडे पूर्ण सप्तक नसतेच. दोघे एकमेकांच्या स्वरांच्या मधल्या जागा भरतात तेव्हा चाल पुरी होते. जोडीदार उपलब्ध असेल, तर आपल्या आठ नळ्या एकाआड एक वाटून हा प्रयोग करून पाहावा; तालाची शिस्त इतक्या लवकर दुसऱ्या कोणत्याही अभ्यासातून लागत नाही.

पायरी पाचवी : धारेवर फुंक आणणे

पानपाइपवर मिळालेला ओठांचा आकार पुढे केना आणि शाकुहाचीवर नेता येतो. खालचा ओठ काठाला टेकवावा, तोंडाचे कोपरे किंचित मागे घ्यावेत आणि ओठांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवून समोरच्या धारेवर झोत सोडावा. स्वर निघेना, तर जोर वाढवणे हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. जोर तोच ठेवून वाद्य बोटाच्या पेराएवढे वर-खाली फिरवावे. स्वर कोणत्या तरी कोनावर अचानक सापडतो, आणि सापडला की लगेच बोटे न हलवता तोच एक स्वर पाच-सहा दिवस धरावा. सुरुवातीला हवा वाया जात असल्याने चक्कर येते. आल्याबरोबर थांबून बसावे.

शाकुहाचीवर हनुवटी खाली घेतल्यावर स्वर उतरतो आणि वर केल्यावर चढतो. या हालचालींना मेरी व कारी म्हणतात, आणि पाच रंध्रांच्या मधले स्वर त्यांच्याच आधाराने मिळतात. जपानमधील फुके या झेन बौद्ध पंथाचे, विणलेल्या टोपल्यांनी चेहरा झाकून फिरणारे भिक्षू ही बासरी ध्यानाचे साधन म्हणून वाजवत. १८७१ मध्ये मेइजी शासनाने तो पंथ बंद केला, पण त्यांच्या रचना टिकल्या, आणि त्यांत एक फुंक हेच वाक्याचे माप असते. नेय याहून अवघड आहे. तुर्की नेयला बाशपारे नावाची टोपी असते आणि तो तिरका धरून ओठांच्या एका बाजूने फुंकतात, तर इराणी नेयचे टोक वरच्या दातांमध्ये अडकवून जिभेने झोत वळवतात. या तंत्रासाठी गुरू समोर असणे मी अनिवार्य मानतो. चित्र पाहून ते साधत नाही.

पायरी सहावी : पत्तीशी जुळवून घेणे

पत्तीच्या वाद्यात निम्मे कौशल्य वाजवण्यात आणि निम्मे पत्ती सांभाळण्यात असते. कोरडी पत्ती बोलत नाही, फार भिजलेली पत्ती उघडून बसते आणि हवा गिळते. दुदुकाची रुंद पत्ती वाजवण्याआधी पाण्याने ओली करून तिचे तोंड हळूहळू उघडू द्यावे, उघडे तोंड तिच्यावरच्या सरकत्या बंधाने आवश्यक तेवढे आवळावे आणि वाजवून झाल्यावर टोपी घालून ते पुन्हा मिटवून ठेवावे. दुदुक जर्दाळूच्या लाकडाचा असतो. सनईसोबत जसा अखंड सूर धरला जातो, तसा त्याच्यासोबत दुसरा वादक 'दाम' धरतो, आणि त्याशिवाय वाजवलेला दुदुक एकाकी वाटतो.

झुर्ना कुळात पत्तीच्या बुडाशी ओठ टेकवण्याची चकती असते. पत्ती पूर्ण तोंडात घेऊन ओठ चकतीवर दाबायचे, म्हणजे ओठांनी पत्तीवर नियंत्रण न ठेवता केवळ हवेच्या दाबाने वाजवायचे, ही जुनी पद्धत आहे. आवाज त्यामुळे मोठा आणि एकसारखा येतो. सनई वाजवताना मात्र ओठांनी पत्ती दाबत-सोडत मींड काढली जाते. दिसायला सारख्या असलेल्या या दोन वाद्यांची तालीम म्हणूनच वेगळी आहे. पत्ती एकच बाळगू नये. तीन पत्त्या आलटूनपालटून वापरल्या, तर एक बिघडल्याच्या दिवशी तालीम अडत नाही.

पायरी सातवी : ओठ थरारवणे

शिंग, शंख किंवा डिजरिडू घेण्यापूर्वी वाद्याशिवाय ओठ सैल मिटून त्यांतून हवा सोडत घोड्यासारखी फुरफुर करावी, नंतर कोपरे आवळून तीच फुरफुर बारीक, स्थिर करावी. डिजरिडूला ओठ सैल लागतात, शंखाला घट्ट. अल्पहॉर्नमध्ये रंध्रेच नाहीत, त्यामुळे सुमारे साडेतीन मीटर लांबीच्या नळीतून निघणारे नैसर्गिक उपस्वर ओठांच्या ताणानेच निवडावे लागतात. कॉर्नेट्टोचे मुखपात्र इतके लहान असते, की अनेक वादक ते ओठांच्या कोपऱ्याशी, जिथे ओठ पातळ असतात, तिथे ठेवतात.

संग्रहालयातील मूळ वाद्य वाजवण्याचा मोह कोणालाही होतो. तुतानखामुनच्या थडग्यातील दोन तुताऱ्या १९३९ मध्ये कैरोहून बीबीसीच्या प्रसारणासाठी वाजवल्या गेल्या, पण त्यांत आधुनिक मुखपात्रे बसवली होती, त्यामुळे ऐकू आलेला आवाज प्राचीन इजिप्तचा होता असे म्हणता येत नाही. फ्रान्समधील मार्सूलास गुहेत १९३१ मध्ये सापडलेला सुमारे १८,००० वर्षांपूर्वीचा शंख अनेक दशके पेला समजला जात होता. २०२१ मध्ये त्याच्या टोकावरील मानवी खुणा ओळखून एका कसलेल्या हॉर्नवादकाने त्यातून मोजके तीन स्वर काढले, आणि पुढच्या प्रयोगांसाठी शंखाची प्रतिकृती हाच मार्ग योग्य ठरतो. घरात वारशाने आलेल्या जुन्या वाद्यालाही हाच नियम लावावा.

पायरी आठवी : अखंड दमसास

डिजरिडू, लौनेद्दास, पुंगी आणि दुदुकाचा दाम यांना स्वर तुटू न देता श्वास घेण्याची कला लागते. तिचे रहस्य इतकेच, की गालांत साठवलेली हवा बाहेर ढकलली जात असताना नाकाने श्वास आत घ्यायचा. प्रथम तोंडात पाणी भरून, नाकाने सावकाश श्वास घेत, ते गालांच्या दाबाने बारीक धारेत बाहेर सोडावे. हे जमले, की पाण्याच्या पेल्यात बारीक नळी बुडवून बुडबुडे काढावेत आणि गालांतल्या हवेवर ते चालू असताना नाकाने एक छोटा श्वास घ्यावा. बुडबुडे थांबले तर गाल उशिरा आवळले गेले, एवढेच समजावे. तिसऱ्या टप्प्यावर वाद्य घ्यावे, आणि तेही डिजरिडूसारखे कमी दाबाचे. दुहेरी पत्तीच्या वाद्याला दाब जास्त लागत असल्याने तिथे हा अभ्यास सुरू केल्यास हिरमोड होतो. फुप्फुसे पूर्ण रिकामी होण्याची वाट पाहू नये, भरपूर हवा शिल्लक असतानाच छोटे श्वास घेत राहावे. रोज दहा मिनिटे पुरतात.

पायरी नववी : निगा

नव्या लाकडी वाद्याला आतून ओलावा आणि बाहेरून कोरडी हवा मिळाली, की ते तडकते. पहिले दोन आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नये, वेळ हळूहळू वाढवावा. वाजवण्यापूर्वी वाद्य हातात किंवा कपड्याखाली धरून कोमट करावे, कारण थंड नळीत श्वासाची वाफ लवकर जमते आणि रेकॉर्डरची फट तुंबते. शोचे वादक तर याच कारणाने मधूनमधून वाद्य शेगडीवर धरून फिरवतात. वाजवून झाल्यावर सुती कापड आतून ओढून काढावे आणि पेटी काही वेळ उघडी ठेवावी. तेल द्यायचे असल्यास पूर्ण सुकलेल्या नळीला आतून अगदी पातळ हात द्यावा; रेकॉर्डरच्या ठोकळ्याला तेल लागता कामा नये, कारण त्याने ओलावा शोषून घ्यायचा असतो.

जुने वाद्य विकत घेताना त्यातील कडी, मुखपात्र किंवा जोडाची पट्टी हस्तिदंताची तर नाही ना, हे पाहावे. आफ्रिकी हत्तीच्या दंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून बंदी लागू आहे, आणि असे वाद्य सीमेपलीकडे नेताना जप्त होऊ शकते. शिसवाच्या जातीच्या बहुतेक लाकडांवर २०१७ मध्ये निर्बंध आले, तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोझवूडला ती सूट नाही. लाकडाचे शास्त्रीय नाव कारागिराकडून लेखी घेऊन वाद्याच्या पेटीतच ठेवावे. अनेक वर्षे न वाजलेले वाद्य मिळाल्यास पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने फुंकू नये. जोडांवरचा दोरा किंवा बूच सैल झाले आहे का ते पाहावे, उजेडासमोर धरून भेगा शोधाव्यात आणि नव्या वाद्याप्रमाणेच दहा मिनिटांपासून त्याला पुन्हा ओलाव्याची सवय लावावी.